नग १ : विद्यापीठातल्या कलासंग्रहाच्या नोंदी

३ जून २०२४

आज सोलापूरच्या विद्यापीठात रुजू झाले. करार ११ महिन्यांचा. माझ्यानंतर येणाऱ्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागू नये, एवढं तरी या मुदतीत व्हायला हवं. म्हणून या नोंदी.

आदेशात 'क्युरेटर' असं लिहिलंय. राज्याच्या वस्तुसंग्रहालयांत यालाच 'अभिरक्षक' म्हणतात. शब्द मला आवडतो, पण विद्यापीठात राखण हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे वस्तू वर्गापर्यंत नेणं, तिला प्रश्न विचारणारी माणसं शोधणं.

दुपारी जडवस्तू नोंदवही मागवली. सगळीकडे तिला डेड स्टॉक रजिस्टरच म्हणतात. चित्रं, मूर्ती, भेटीदाखल आलेल्या वस्तू, सगळं तिच्यातच, कारण कार्यालयीन हिशेबात टिकाऊ वस्तूला दुसरी जागा नाही. एका पानावर ओळीनं: 'लाकडी स्टूल, ४ नग'. 'भिंतीवरील चित्र, कापडी, १ नग'. 'भिंतीवरील घड्याळ, १ नग'. किंमत आहे. कुणी केलं, कशाचं आहे, लांबीरुंदी किती, काही नाही.

या वहीतल्या वस्तूचा शेवट ठरलेला असतो: निर्लेखन, म्हणजे वहीतून नाव खोडून मोडीत काढणं. मोडलेलं स्टूल आणि कसर लागलेलं चित्र एकाच यादीत एकाच सहीनं निघू शकतं. त्यामुळे पहिलं काम ठरलं. कलावस्तूंची वेगळी परिग्रहण नोंदवही, म्हणजे संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांक देऊन नोंदायची वही.

६ जून

पहिल्या फेरीत ४१ वस्तू. क्रमांकाची पद्धत साधी ठेवली: साल, त्या सालातली आवक, आवकीतली वस्तू. २०२४.१.१ पासून सुरुवात. कागदाच्या मागं मऊ २बी पेन्सिलीनं, कोपऱ्यात. कापडावर शाई अजिबात नाही. सुती फितीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो काठाला दोन टाक्यांनी शिवायचा.

कापडी चित्राला २०२४.१.७ मिळाला. शिपाईकाका मात्र त्याला 'नग एक'च म्हणतात, आणि आता मीही.

१४ जून

साठवणीची खोली ठरवायला तीन दिवस गेले. वरच्या मजल्यावरची मोठी खोली देऊ केली होती, मी नको म्हटलं. सोलापुरात वरच्या स्लॅबखाली एप्रिल-मे महिन्यांत काय होतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. तळमजल्यावरची उत्तरेकडची लहान खोली घेतली. आर्द्रतामापक ठेवला: पाऊस नसताना दुपारी ३४ टक्के, परवाच्या सरीनंतर ६८. पुस्तकात ४५ ते ५५ लिहिलेलं असतं. तेवढं इथं वातानुकूलन अखंड चालवल्याशिवाय जमणार नाही आणि ते चालवणं परवडणार नाही. खरा शत्रू आकडा नसून त्याची उडी आहे. कागद आणि धागा सावकाश बदल सोसतात, झटका सोसत नाहीत. म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवल्या, लोखंडी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढली. सध्या एवढंच.

२१ जून

नग १ चा स्थिती अहवाल. विणलेलं भिंतचित्र, सुती. विषय: सिद्धेश्वर मंदिर, तलावासह, डाव्या कडेला किल्ल्याचा बुरूज. लाकडी चौकट, मागं हार्डबोर्ड, खिळे गंजलेले. आकाशाच्या वरच्या एक तृतीयांश भागात निळा रंग फिकट. नोंद केली: 'उजेडाने रंग उडालेला आडवा पट्टा.'

पश्चिमेकडच्या व्हरांड्यात ते टांगलेलं होतं. दुपारी चारला उजेड मोजला: १,४०० लक्स. कापडासाठी मर्यादा ५० लक्सची. दिवसाला चार तास असा उजेड धरला तर ५,६०० लक्स-तास होतात. ५० लक्सच्या दालनात आठ तास ठेवलं तर ४००. म्हणजे व्हरांड्यातली एक दुपार दालनातल्या चौदा दिवसांएवढी. उजेडाचं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. त्याच संध्याकाळी चित्र उतरवलं.

२ जुलै

सल्लागार समितीची बैठक. एका सदस्यांनी आपुलकीनंच विचारलं, "मॅडम, हुसेनचं एखादं चित्र मिळवता येईल का? ते आपल्या पंढरपूरचे."

खरंच आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. त्यांचं चित्र इथं आलं तर मला आनंदच होईल. पण विद्यापीठाचा संग्रह मोठ्या नावांच्या मागं लागला की पैसा, विमा, कुलूप यांतच अडकतो आणि विद्यार्थी दोरीच्या पलीकडे उभा राहतो. मी दोन उदाहरणं दिली. कलकत्ता विद्यापीठाचं आशुतोष संग्रहालय १९३७ मध्ये उभं राहिलं ते बंगालमधली मातीची, लाकडाची, कापडाची लोककला गोळा करत. बनारसचं भारत कला भवन १९२० मध्ये सुरू झालं आणि १९५० मध्ये हिंदू विद्यापीठात आलं. तिथंही लघुचित्रांबरोबर वस्त्रं जपली गेली. सोलापूरच्या विद्यापीठानं सोलापूरचं सूत नाही जपायचं तर कुणी जपायचं?

ठराव झाला: वर्षभर नवी खरेदी नाही. आहे ते आधी ओळखायचं.

११ जुलै

चौकट उघडली. खिळे एकेक करून, खाली पुठ्ठा धरून. हार्डबोर्डच्या आम्लानं कापडाच्या कडेला तपकिरी रेघ ओढलेली.

मग चित्र पालथं केलं आणि थांबले.

मी हे जकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उमटवणाऱ्या यंत्राच्या मागावर, विणलेलं धरून चालले होते. जकार्डच्या कापडाला मागून पाहिलं तर लागत नसलेले रंग लांब तरंगत्या धाग्यांनी पाठीमागून जातात. इथं तसं काहीच नाही. बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. मंदिराच्या पांढऱ्याला पांढरा धागा तेवढ्यापुरता, शिखराच्या कडेला तो संपतो, तिथून निळा सुरू. दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथं सुई जाईल एवढी फट. आणि मागं शेकडो टोकं, वळवून दाबलेली. हे यंत्राचं काम नाही. बसून, एकेका रंगाचा धागा गुंडाळलेली कांडी हातानं तेवढ्याच जागेत फिरवून भरलेलं आहे. एवढी वर्षं लोक याला 'कापडी फोटो' म्हणत व्हरांड्यातून गेले असतील. मीही तशीच गेले होते.

दुसरी गोष्ट. आकाशातला फिकट पट्टा मागूनही फिकटच आहे. पाठीला हार्डबोर्ड होता, उजेड पोचलाच नव्हता. मग रंग उडाला कसा? अहवालातल्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

हार्डबोर्डच्या आतल्या बाजूला फ्रेमवाल्याची चिठ्ठी मिळाली. कन्ना चौकाचा पत्ता, जुना सहा आकडी फोन.

२० जुलै

संगणकशास्त्राच्या वर्गाला जकार्ड दाखवायचं आधीच कबूल केलं होतं. नग १ आता त्या कामाचा राहिला नाही, म्हणून पूर्व भागातल्या एका कारखान्यातून जुन्या पंच पट्ट्यांची (भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची) माळ आणि तिच्यावर विणलेली चादर मागून आणली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे मुलांना पाठ असतं. तिच्यावरचं फूल कसं उमटतं ते मात्र बहुतेकांनी कधी पाहिलेलं नव्हतं, घरात माग असलेल्यांनीसुद्धा.

पट्टी हातात देऊन समजावलं. भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक उचलणाऱ्या पात्यावर टिकतो, ताण्याचा म्हणजे उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच. एक पट्टी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेक. पट्ट्या दोऱ्यानं ओवलेल्या, माळ फिरत राहते, फूल पुन्हा पुन्हा येतं. फ्रान्समधल्या जकार्डनं हे १८०४ च्या सुमारास जमवलं. १८३९ मध्ये लिऑनला त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला २४,००० च्या आसपास पट्ट्या लागल्या. त्याची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं घरी ठेवली होती. पाहणाऱ्यांना ती छापील वाटायची. आपल्या गणनयंत्रासाठी त्यानं पट्ट्यांची कल्पना तिथूनच घेतली.

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ही माळ म्हणजे प्रोग्रॅम का मेमरी?"

तिच्या सरांनी खडू उचलला. पुढचा पाऊण तास मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. मला विद्यापीठातच हे काम का करायचं आहे, याचं उत्तर त्या पाऊण तासात होतं. शहरातल्या संग्रहालयात हा प्रश्न विचारला गेला असता, पण त्याच्यामागं धावणारा सर तिथं नसता.

८ ऑगस्ट

कन्ना चौकातलं फ्रेमचं दुकान बंद होऊन बराच काळ लोटला. शेजारच्या सुताच्या व्यापाऱ्यांनी मोबाइलवरचा फोटो बघून लगेच दोन घरं सांगितली. "असं पाणी भरणारे दोघंच होते ओ." पाणी म्हणजे तलाव. मला तेव्हा कळलं नाही.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. मार्कंडेय महामुनींचा रथ. पद्मशाली या विणकर समाजाचा हा सर्वांत मोठा दिवस, आज कुणाच्या दारात प्रश्न घेऊन उभं राहायचं नाही. रथाबरोबर थोडं चालले. त्या दोन घरांपैकी एका घरातल्या काकूंनी स्वतःहून सांगितलं: "शुक्रवारी या, घरीच असतात."

२३ ऑगस्ट

गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा होता तो आता बुजवून फरशी घातलेली. तिथंच हातमाग होता. काकू सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, मी बसेपर्यंत हात थांबला नाही.

मी फोटो पुढं केला. काकांनी चष्मा लावला आणि पहिलं वाक्य: "मागची बाजू दाखवा की."

मागचा फोटो बराच वेळ बघितला. मग बोटानं तलावावर टेकवलं. "माझंच आहे. हे पाणी बघा. नक्शात साधं निळं होतं. मी एका कांडीत निळा आन् पांढरा, दोन्ही धागे एकत्र भरायला लावले. मग पाणी हलल्यासारखं दिसतं."

"कांड्या कोण भरायचं?"

"ही." काकूंकडे न बघताच म्हणाले. काकू हसल्या नाहीत, लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "किती निळा, किती पांढरा ते कोण ठरवणार? भरताना मीच ठरवायचे की."

आणि नक्शा? तो तिसऱ्याच माणसाचा, चित्र काढून देणारे म्हणून पेठेत ओळखले जायचे. ते आता नाहीत. ताण्याखाली त्यांचा कागद लावायचा, धाग्यांच्या फटीतून रेषा बघत भरत जायचं.

मी एका नावाच्या शोधात गेले होते, तीन घेऊन आले. नावं नोंदवहीत लिहिली आहेत, प्रदर्शनाच्या फलकावरही येतील. काकांनी सांगितलं, फलकावर घाला, इंटरनेटवर नको. म्हणून इथं नाहीत.

उठताना काका मग्गमबद्दल, मागाबद्दल, तेलुगूत काहीतरी बोलले, नातवानं अर्थ सांगितला: माग विकला तेव्हा फणी ठेवून घेतली होती. ती काढून दाखवली. मी ती मागितली नाही. मागायची नसते. द्यावीशी वाटली तर ते देतील, आणि तेव्हा दानपत्र करायचं, तोंडी नाही.

१२ सप्टेंबर

भेटीदाखल आलेल्या एका लोकरी घोंगडीत कसर सापडली. डांबरगोळ्या टाकायच्या नाहीत हे सगळ्यांना पुन्हा सांगितलं, त्यांची वाफ माणसालाही वाईट. सूक्ष्मजीवशास्त्र विभागानं डीप फ्रीझरचा एक कप्पा दिला. घोंगडी पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद, उणे २० अंशांत आठवडाभर. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव कापडावरच धरतं.

२० सप्टेंबर

घोंगडी स्वच्छ.

९ ऑक्टोबर

नव्या इमारतीच्या जिन्यात विद्यार्थ्यांना भित्तिचित्र काढायचं आहे. सगळे खुशीत, फक्त मी कागद मागतेय म्हणून थोडी नाराजी. कागद का, ते इथं लिहून ठेवते.

पूर्वी मी दुसऱ्या जिल्ह्यात एका शिक्षणसंस्थेत होते. तिथं मुलांनी दोन महिने खपून जिन्यात दुष्काळाचं चित्र काढलं होतं. तपासणी समिती येणार म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यावर डिस्टेंपर फिरवला गेला. कुणाला विचारलं नाही, फोटोसुद्धा काढून ठेवला नाही. सुट्टीनंतर आलेली मुलं त्या भिंतीपुढं नुसती उभी होती. मी तेव्हा तिथं शिकवत होते आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीही नव्हतं.

आज आहे. भिंत संस्थेची असली तरी चित्र काढणाऱ्याचा त्या चित्रावर एक हक्क उरतोच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५७. अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं, १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सरकारला उरलेलं शिल्प परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

म्हणून करारनामा, एक पानाचा: कुणी काढलं, किती वर्षं ठेवायचं, दुरुस्ती कोण करणार, पुसावं लागलं तर किती दिवस आधी कळवायचं आणि पुसण्याआधी छायाचित्रण. मुलांनी सह्या केल्या. अभियंता विभागाचीही सही झाली, आणि सगळ्यांत महत्त्वाची तीच, कारण रंगाचा डबा त्यांच्याकडे असतो.

१९ नोव्हेंबर

मराठीच्या मॅडमना हत्तरसंग कुडलच्या शिलालेखाचा ठसा वर्गात कायमचा लावून हवा होता. भीमा-सीनेच्या संगमावरचा हा लेख, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. आपल्या जिल्ह्यात मराठीची एवढी जुनी ओळ आहे आणि मुलांनी ती पुस्तकातल्या अंगठ्याएवढ्या फोटोत बघावी, हे त्यांना सहन होत नाही. मलाही नाही.

पण ठशाचा कागद ओला करून दगडावर ब्रशनं ठोकलेला असतो, अक्षरांच्या खाचांत तो आधीच ताणला गेलेला. वर्षभर भिंतीवर राहिला तर घड्यांवर तुटेल. तडजोड: मूळ आकाराची छापील प्रत कायम भिंतीवर, मूळ ठसा वर्षातून दोन तासिका टेबलावर आडवा, हात धुऊन, पेन बाजूला ठेवून. पहिली तासिका आज झाली. मागून पाहिलं की अक्षरं उठावात आणि उलटी दिसतात. ते बघायला सगळी मुलं एकदम टेबलाच्या त्या बाजूला गेली.

५ डिसेंबर

नग १ पुन्हा उभा करण्याचं काम. मांजरपाट तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ घालवली, त्यावर चित्र बारीक टाक्यांनी तोललं, पण पाठीची मधली जागा उघडी ठेवून. वरच्या काठाला वेल्क्रोची पट्टी शिवली, म्हणजे वजन खिळ्यांवर न येता साऱ्या रुंदीवर वाटलं जातं. चित्र भिंतीपासून दीड फूट पुढं टांगायचं, मागं आरसा. पाठ दिसलीच पाहिजे.

नक्शा काढणाऱ्यांच्या मुलीला भेटले. चित्र आपल्याकडे असलं तरी त्याची पोस्टकार्डं छापायचा हक्क आपोआप येत नाही. कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांचा असतो. त्यांनी परवानगी लिहून दिली, आणि वडिलांच्या वहीतली दोन पानं स्कॅन करायला दिली.

१८ डिसेंबर

फलकाचा मजकूर चौथ्यांदा लिहिला. एक जण म्हणाले, "मुख्य कलाकार एकच लिहा, बाकी आभारात घ्या." नाही. नक्शा यांचा, विणकाम यांचं, कांड्या आणि रंगमेळ यांचा. तिन्ही ओळी एकाच आकाराच्या अक्षरात. पाण्याची चमक कुणाची, हे त्या घरात बसून मी ऐकलंय. त्यातलं एक नाव खाली ढकलायचा अधिकार मला नाही.

९ जानेवारी २०२५

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर, म्हणून दालन आजच उघडलं. काका-काकू नातवाबरोबर रिक्षानं आले. काका समोर उभे राहिले. काकू सरळ आरशाकडे गेल्या.

मी त्यांना आकाशातला पट्टा दाखवला. विचारलं, "काकू, हा फिकट का झालाय? उजेडानं म्हणावं तर मागूनही तसाच आहे."

"झाला नाही ओ. तेव्हापासून तसाच आहे." बोट आरशावर ठेवून त्यांनी एक गाठ दाखवली, निळ्यात निळी, मला सात महिन्यांत दिसली नव्हती. "इथं सूत संपलं. दुसऱ्या लॉटच्या लड्या फिक्या आल्या. हे म्हणाले थांबू. मी म्हटलं नको, आभाळ वरच्या अंगाला असं असतंय. भरा."

काका तिकडून म्हणाले, "मला आठवत नाही."

"मला आठवतंय," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी स्थिती अहवाल काढला. 'उजेडाने रंग उडालेला आडवा पट्टा' ही ओळ एका रेघेनं खोडली, खाली वाचता येईल अशी. पुढं लिहिलं: 'नुकसान नाही. सुताचा दुसरा लॉट. निर्णय: कांड्या भरणाऱ्या.' तारीख, सही.